साडूंचे इंग्रजी आणि घडीची शिडी

पुढील मजकुरात, शिड्या बनविणाऱ्या एका कारखान्यावर इंग्रजी भाषेने कोणता प्रसंग आणला, त्या प्रसंगी कोण कोणावर किती संतापले आणि त्या संतापाची अखेर कशात झाली, हे यथाक्रम निवेदन करण्याचे योजिले आहे. विषय रागाचा असल्याकारणाने वाचकांनी प्रथम पेलाभर गार पाणी प्यावे व मगच पुढे जावे, ही विनंती.

सदर कारखान्यात राग या वस्तूचा तुटवडा कधीच पडला नाही. मालक संतापी होते. जोडणी खात्याचे फोरमन त्यांच्याहून संतापी होते. भेद इतकाच, की मालकांचा राग वरून खाली वाहत असे. आणि फोरमनचा राग, खाली जागा न उरल्यामुळे, सायकलवर बसून त्यांच्यासोबत घरी जात असे. घरी फोरमनच्या पत्नी होत्या. त्यांचा नियम असा, की राग चपलांशेजारी बाहेर ठेवावा आणि मग आत यावे. त्यामुळे त्या गरीब रागास रात्रभर बाहेरच बसून सकाळी पुन्हा कामावर हजर व्हावे लागे.

एके सकाळी मालकांनी फोरमनना आणि हिशेबनीस बाईंना आपल्या खोलीत बोलाविले. मालकांचे कान तांबडे झालेले होते. हे लक्षण बरे नव्हते.

"परदेशातल्या एका मोठ्या दुकानाला आपल्या घडीच्या शिड्या हव्यात," मालक म्हणाले. "त्यांच्या खरेदीच्या बाई पुढच्या आठवड्यात कॅमेऱ्यावर आपल्याशी बोलणार."

"मग चांगलंच आहे की," फोरमन म्हणाले.

"चांगलं? ऑर्डर आली तर चांगलं. नाही आली तर महिनाअखेर जोडणी खात्याला कुलूप. तुम्ही आणि तुमची सगळी माणसं घरी!"

"घरी?" फोरमन ओरडले. "घरी कशाला? घरी रागवायला आधीच एक माणूस आहे!"

परंतु मालकांचा खरा राग निराळ्याच गोष्टीवर होता. त्या परदेशी बाईंकडून आलेले संदेश त्यांनी संगणकावर उघडून दाखविले. त्यांतील एकही क्रियापद एकटे म्हणून नव्हते. प्रत्येकाच्या मागे एकेक शेपूट लाविलेले होते.

"हे बघा. 'लुक' म्हणजे बघणे. इथपर्यंत ठीक?" मालक पडद्यावर बोट आपटीत म्हणाले. "मग 'लुक इनटू' म्हणजे चौकशी करणे. 'लुक ओव्हर' म्हणजे तपासणे. 'लुक फॉरवर्ड टू' म्हणजे वाट बघत बसणे. आणि 'लुक डाउन ऑन' म्हणजे तुच्छ लेखणे! आता ही बाई आपल्याला तपासतेय का तुच्छ लेखतेय, कसं कळायचं?"

"चौकशी करायची तर सरळ चौकशी करावी ना," फोरमन दात खाऊन म्हणाले. "बघायचं कशाला?"

हिशेबनीस बाई शांत स्वभावाच्या होत्या. त्या म्हणाल्या, "आपलंही तसंच आहे की. आपण खाऊन टाकतो, देऊन टाकतो, सांगून टाकतो. टाकतो कुठं?"

"बाई," मालक गरजले, "तुम्ही पगार कोणाचा घेता?"

सबब इंग्रजी शिकणे प्राप्त झाले. आता शिकविणार कोण, हा प्रश्न मालकांच्या घरी निघाला आणि तेथेच त्याचा निकाल लागला. मालकीणबाई म्हणाल्या, "माझ्या बहिणीच्या यजमानांचा व्यापारी इंग्रजीचा क्लास असताना तुम्ही बाहेरचा माणूस शोधणार? लोक काय म्हणतील? ताई काय म्हणेल?"

अशा रीतीने मालकांचे साडू कारखान्यात अवतीर्ण झाले.

साडूंना सर्व जण 'सर' म्हणत. काखेत खडूचा डबा, गळ्यात टाय आणि तोंडात दुसऱ्याची चूक, असा त्यांचा थाट असे. समोरचा मनुष्य वाक्य पुरे करावयाच्या आतच ते त्याचे वाक्य दुरुस्त करीत. मनुष्य बुडत असता 'वाचवा' म्हणाला, तर हे काठावरून त्यास अधिक चांगला शब्द सुचवतील, असे फोरमनचे स्पष्ट मत होते.

"धंद्यात नुसतं क्रियापद वापरणारा माणूस अडाणी वाटतो," सरांनी पहिल्याच दिवशी बजाविले. "'डिले' नाही म्हणायचं. 'पुट ऑफ' म्हणायचं. 'कॅन्सल' नाही. 'कॉल ऑफ'. आणि हे लक्षात राहावं म्हणून माझी स्वतःची पद्धत आहे. प्रत्येकाला एक हातवारा. हात आधी, शब्द मागाहून!"

ती पद्धत अशी होती. 'पुट ऑफ', म्हणजे लांबणीवर टाकणे, म्हणताना दोन्ही तळहातांनी हवा पुढे लोटावयाची. 'कॉल ऑफ', म्हणजे रद्द करणे, म्हणताना एक बोट गळ्यावरून आडवे फिरवावयाचे. 'रन आउट', म्हणजे माल संपणे, म्हणताना खिसे उलटे करून दाखवावयाचे. आणि 'बॅक आउट', म्हणजे शब्द देऊन मागे फिरणे, म्हणताना सर्वांनी एकदम दोन पावले मागे जावयाचे. दररोज जेवणाच्या सुट्टीत मालक, फोरमन आणि हिशेबनीस बाई एका रांगेत उभे राहून हवा लोटीत, गळे कापीत आणि खिसे उलटे करीत. खिडकीतून पाहणारी जोडणी खात्याची माणसे आपले डबे खाण्याचेही विसरत.

मालकांच्या अंतःकरणात भडका उडत असे. तथापि साडू म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा. त्याला एक शब्द बोलावा, तर तो तिकडून बहिणीमार्फत वाढून परत येतो. "साप म्हणू नये धाकला आणि साडू म्हणू नये आपला," असे ते दातांतल्या दातांत पुटपुटत आणि साडूंवरचा राग फोरमनवर काढीत. वड्याचे तेल वांग्यावर, ही म्हण फोरमनना लहानपणी कळली नव्हती. ती आता पुरती कळली.

घरी फोरमन जेवणापूर्वी अभ्यास करीत. एकदा पत्नी ताट घेऊन आल्या, तोच फोरमननी दोन्ही तळहात जोराने पुढे लोटले.

"नको असेल तर तोंडानं सांगा," पत्नी म्हणाल्या.

"अगं, तुला नाही. हे 'पुट ऑफ' आहे. म्हणजे आजचं काम पुढं ढकलणे."

"अच्छा!" त्यांनी ताट खाली ठेविले व स्वतःही हवा लोटून दाखविली. "मग आजची भांडी पण पुट ऑफ. आणि काय हो, इतकी वर्षं तुम्ही घरात एक शब्द न बोलता नुसतं हातानंच सगळं सांगत आलात. त्यासाठी आता क्लास लावावा लागला?"

फोरमन संतापले. परंतु चपलांशेजारचा नियम आठवून त्यांनी तो संताप भातासोबत गिळला.

मुलाखतीचा दिवस उजाडला. मालकांची खोली झाडून घेण्यात आली. भिंतीला टेकून नव्हे, तर खोलीच्या मधोमध, कारखान्याची सर्वांत उंच घडीची शिडी पाय फाकवून उभी करण्यात आली. तिच्यावर दोन्ही बाजूंनी चढता येत असे, आणि तिच्या अंगावर 'एका वेळी एकच माणूस' अशी चिठ्ठी चिकटविलेली होती. तिच्या वर, छताच्या लगत, सरांनी स्वतःचा एक बोर्ड टांगला. त्यावर सोनेरी अक्षरांत 'वी नेव्हर गिव्ह अप' असे लिहिले होते. "म्हणजे आपण कधीच हार मानत नाही," सरांनी समजाविले.

"आणि तुम्ही," मालक फोरमनकडे वळून म्हणाले, "तुम्ही तोंड उघडायचं नाही. तुमचं तोंड उघडलं की त्यातून रागच बाहेर येतो. एक शब्द जरी बोललात तर कुलपाची किल्ली तुमच्याच हातात देईन."

फोरमननी ओठ घट्ट मिटले. त्यांच्या डोळ्यांपुढे खिडकीबाहेर उभी असलेली आपली माणसे होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाण्याची त्यांची पूर्ण तयारी होती.

पडदा उजळला. परदेशी बाई दिसू लागल्या. चष्मा, आखूड केस, गंभीर मुद्रा. त्यांनी प्रथम अगदी हळूहळू विचारले, की माल वेळेवर मिळेल का?

याचे उत्तर मालकांनी रात्रंदिवस घोकले होते. आम्ही काम कधीही लांबणीवर टाकीत नाही, असे ते उत्तर होते. मालकांनी श्वास घेतला. हात आधी, शब्द मागाहून, या शिस्तीप्रमाणे त्यांचे दोन्ही तळहात पुढे गेले आणि त्यांनी हवा लोटली. शब्द मात्र आला नाही. मालकांनी पुन्हा हवा लोटली.

"शब्द! शब्द!" सर कॅमेऱ्याच्या मागून कुजबुजले.

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. सरांच्या पद्धतीत सर्व क्रियापदांना हातवारे होते. 'नाही' या शब्दाला हातवारा नव्हता. ही उणीव आजवर कोणाच्याही लक्षात आली नव्हती, कारण आजवर शब्द सोबत होते.

परदेशी बाईंनी विचारले, कच्चा माल पुरेसा आहे ना? हिशेबनीस बाईंनी घाबरून आपली पर्स उलटी करून दाखविली. तिच्यातून दोन गोळ्या आणि एक कंगवा पडला. करार पाळाल ना, असे विचारताच मालकांचे बोट त्यांच्या स्वतःच्याच गळ्यावरून आडवे फिरले. दिलेल्या शब्दावर टिकाल ना, या प्रश्नास तर तिघांनीही एकदम दोन पावले मागे जाऊन उत्तर दिले आणि फोरमनचे डोके शिडीवर आपटले. तरीही ते 'आई गं' म्हणाले नाहीत. इतकी निष्ठा आजकाल पाहावयास मिळत नाही.

पडद्यावर बाईंचा चेहरा पांढरा पडत चालला होता. त्या "वन मोमेंट" असे म्हणून शेजारच्या कोणाशी तरी बोलू लागल्या.

"गेलं!" मालक किंचाळले. त्यांनी एक कळ दाबली. पडदा काळा झाला. "सगळं गेलं!"

आता राग कोणावर काढावयाचा? साडू समोर उभे होते. मालक त्यांच्याकडे वळले, त्यांनी तोंड उघडले, ताईंचे स्मरण केले, तोंड मिटले आणि ते फोरमनकडे वळले.

"तुमच्यामुळं झालं हे!"

"माझ्यामुळं?" फोरमनच्या तोंडाचे कुलूप तुटले. "मी तोंड उघडलं का? डोकं फुटलं तरी उघडलं का?"

"तोंड उघडलं नाहीत, पण चेहरा? तुमचा चेहराच ओरडत होता!"

"अहो, बरोबर शब्द—" सर म्हणू लागले.

"तुम्ही गप्प बसा!" फोरमनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझी माणसं घरी जाणार, त्यांच्या चुली तुमच्या हातवाऱ्यांवर पेटणार का? आणि वर हा बोर्ड! हार मानत नाही म्हणे! थांबा, आधी हाच काढतो!"

असे म्हणून ते शिडीवर चढले. प्रत्येक पायरीवर त्यांनी पाय असा आपटला, की जणू ती पायरी म्हणजेच इंग्रजी भाषा होती.

"हात लावू नका! बोर्ड माझ्या पैशांचा आहे!" सर ओरडले आणि टाय खांद्यावर टाकून दुसऱ्या बाजूने चढू लागले. दोघेही शेंड्याला पोहोचले. बोर्डाचे एक टोक फोरमननी धरले, दुसरे सरांनी धरले आणि सोनेरी अक्षरे मधल्यामध्ये हेलकावे खाऊ लागली.

"उतरा! दोघं उतरा! नमुन्याची शिडी आहे ती!" मालक ओरडले. कोणी उतरेना. तेव्हा ते स्वतः फोरमनच्या मागोमाग वर चढले. त्यांचे शरीर भरदार होते. वर पोहोचताच त्यांना अचानक आपल्यासमोर, नाकाला नाक लागेल इतक्या जवळ, साडूंचे तोंड दिसले. इतक्या जवळून ते त्यांनी आजवर पाहिले नव्हते. कित्येक वर्षांचा बांध तेथे फुटला.

"नातं म्हणून गप्प बसलो! माझ्या घरात जेवून माझंच बोलणं दुरुस्त करता! माझ्या मुलीच्या वाढदिवसाला माझंच भाषण दुरुस्त केलंत! दोन पावलं मागं जायला शिकवता? जा ना, आता जा मागं!"

"मी मोफत शिकवलं तुम्हाला!" सर ओरडले.

"मोफत? मग नुकसानभरपाई तुम्हीच द्या!" फोरमन पाय आपटीत म्हणाले.

तिघांनी मिळून ती शिडी अशी काही हलविली, की खोलीतला पंखासुद्धा भ्यायल्यासारखा फिरू लागला. शिडी मात्र तसूभर सरकली नाही. तिने साधा 'कुर्र' असा आवाजही केला नाही.

खाली हिशेबनीस बाई आपला कंगवा शोधीत होत्या. त्या टेबलाखालून उठल्या आणि थबकल्या.

"मालक," त्या म्हणाल्या. "मालक, दिवा."

"कसला दिवा?"

"कॅमेऱ्याचा. अजून चालू आहे. तुम्ही नुसता पडद्याचा उजेड घालवलात."

तिघेही जेथल्या तेथे थिजले. बाईंनी कळ दाबली. पडदा उजळला. पडद्यावर आता एक नव्हे, तर अनेक चेहरे दाटीवाटीने गोळा झालेले होते. मागच्या लोकांनी तर टाचा उंचावल्या होत्या.

परदेशी बाई पुढे वाकल्या. त्यांनी तीन बोटे दाखविली. "थ्री मेन?"

"येस," हिशेबनीस बाई म्हणाल्या.

"वन लॅडर?"

"येस."

"नॉट ब्रोकन?"

हिशेबनीस बाईंनी मागे वळून शिडीकडे पाहिले. "नो."

"बाई, तिथं नुसतं 'नो' नाही, 'इट हॅजन्ट गिव्हन—'" सर शेंड्यावरून बोलू लागले, तोच मालकांनी त्यांच्या तोंडावर आपला तळहात दाबला.

"गुड," परदेशी बाई म्हणाल्या. "व्हेरी गुड. वी बाय."

तदनंतर असे उघडकीस आले, की इंग्रजी ही त्या बाईंचीही मायबोली नव्हती. शेपटीवाले संदेश त्यांनी लिहिलेलेच नव्हते. मग कोणी लिहिले, असे हिशेबनीस बाईंनी मोडक्यातोडक्या शब्दांत विचारले असता, बाईंनी कपाळाला हात लावून उत्तर दिले, "माय सिस्टर्स हजबंड." हे ऐकून मालकांचे डोळे पाणावले. भाषा निराळ्या असतात, परंतु नातेवाईक सर्वत्र सारखेच, असे ते बराच वेळ म्हणत राहिले.

ऑर्डर आली. जोडणी खात्याचे कुलूप टळले. फोरमनच्या माणसांनी त्यांना खांद्यावर घेतले, आणि हळू धरा म्हणून फोरमन त्यांच्यावर खेकसले. अट एकच होती. शिडीच्या खोक्यावर छापण्याकरिता त्या तिघांचे, त्याच शिडीवर, तशाच संतापात, एक छायाचित्र हवे होते. परदेशी बाई ते कॅमेऱ्यावरून स्वतः पाहणार होत्या.

आपण जगभर छापले जाणार, या वार्तेने मालक इतके हुरळले, की त्यांनी नवा सदरा शिवून घेतला. ठरल्या दिवशी तिघेही शिडीवर चढले. आणि येथे एक अघटित घडले. राग येईना.

ऑर्डर मिळालेली. नोकरी वाचलेली. साडूंनी चुकीची माफी मागितलेली, ताई फोन करून गोड बोललेल्या. तिघेही एकमेकांकडे पाहून व्याह्यांसारखे हसू लागले.

"नो, नो," पडद्यावरून परदेशी बाई म्हणाल्या. "अँग्री. लाइक बिफोर."

"फोरमन, रागवा की," मालक प्रेमाने म्हणाले.

"तुम्ही आधी रागवा, मालक. तुम्ही मोठे."

फोरमननी डोळे वटारून पाहिले. भुकेल्यासारखे दिसले. मालकांनी मूठ उगारली, तर ती वर्गात हात वर केल्यासारखी वाटली. ज्या कारखान्यात रागावर कधी खर्च करावा लागला नाही, तेथे आज तो औषधालाही सापडेना. छायाचित्रकार कंटाळून खाली बसला. पडद्यावरच्या बाईंनी घड्याळाकडे पाहिले. मालकांना घाम फुटला. ऑर्डर हातची जाते की काय, या भीतीने ते पडद्याकडे वळून काकुळतीने म्हणाले, "मॅडम, वन मिनिट. वी विल गेट अँग्री. प्रॉमिस. वी विल गेट अँग्री."

"नुसतं 'गेट अँग्री' नाही म्हणायचं," सर हळूच म्हणाले. "'फ्लेअर अप' म्हणायचं. नुसत्या क्रियापदानं माणूस अडाणी—"

पुढचे शब्द कोणासही ऐकू आले नाहीत. मालक गरजले. फोरमननी पायरीवर पाय आपटला. सरांचा टाय मालकांच्या मुठीत आला, सरांनी बोर्डाकरिता हात पसरले, आणि छायाचित्रकाराने उठता उठता कळ दाबली.

काही महिन्यांनी छापील खोके आले. फोरमननी त्यातील एक पुठ्ठा मोठ्या अभिमानाने घरी नेला व पत्नीपुढे धरिला. चित्र उत्तम उतरले होते. तिघांची तोंडे उघडी होती, शिडी ताठ उभी होती. फक्त चित्रावरून एक जाड तांबडी फुली मारलेली होती आणि खाली निरनिराळ्या भाषांत काही मजकूर होता.

"हे काय लिहिलंय?" पत्नींनी विचारले.

फोरमनचा आवाज बारीक झाला. "लिहिलंय... 'असे करू नका.' म्हणजे, एका शिडीवर तीन माणसं चढू नका, असं."

"ते शिडीचं झालं," पत्नी म्हणाल्या. त्यांनी पुठ्ठा घेतला आणि दाराबाहेर, बरोबर चपलांच्या वर, खिळ्याला लाविला. "बघा, आता सगळं जग तुम्हाला सांगतंय. मी एवढी वर्षं फुकट सांगत होते."

फोरमनना भयंकर राग आला. त्यांनी चित्राकडे पाहिले, फुलीकडे पाहिले, राग चपलांशेजारी ठेविला आणि ते जेवावयास आत गेले.

येथवर ज्यांनी न रागावता वाचले, त्यांचे हात जोडून आभार. ज्यांना मध्येच राग आला असेल, त्यांचेही आभार. फक्त त्यांनी शिडीवर चढू नये.

आपला नम्र,
ठिणगीभाऊ वेल्डर
(जोडणी खाते, खिडकीजवळचा)